वर्षाचं धान्य भरायचंय? आधी घरातला डबा मोजा, मग लक्ष्मीपुरी गाठा

मार्च लागला की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानांपुढं टेम्पो आणि रिक्षांची दाटी व्हायला लागते. लोकवन आणि सिहोर गहू, शाळू ज्वारी, तूरडाळ, मग एप्रिलात मिरची. कोल्हापुरात वर्षाची बेगमी करणं ही जुनी रीत आहे आणि त्यात शहाणपणही आहे. तरी दरवर्षी कितीतरी घरांत श्रावणाच्या आसपास डब्यातून भुंगे निघतात, शेंगदाणे खवट होतात आणि मार्चमध्ये वाचवलेले पैसे सप्टेंबरात उकिरड्यावर जातात. असं होतं कारण आपण भाव बघून माल भरतो. खरं तर आधी बघायचं असतं ते हे, की ती वस्तू आपल्या घरात, कोल्हापूरच्या पावसाळ्यात, किती दिवस टिकते आणि तेवढ्या दिवसांत आपण ती किती खातो. या दोन आकड्यांवरून किती घ्यायचं ते ठरतं. भावाची घासाघीस त्यानंतरची.

घाऊकमध्ये पैसे वाचतात ते कुठून

पहिला फरक हंगामाचा. नवा माल बाजारात एकदम येतो तेव्हा भाव बहुधा उतरलेला असतो, आणि पुढं साठवणीचा खर्च, व्याज, घट हे सगळं त्यात चढत जातं. वर्षभराचं घेतो तेव्हा तो साठवणीचा खर्च व्यापाऱ्याऐवजी आपण उचलतो. आपल्याकडं जागा कोरडी असेल आणि माल किडू दिला नाही, तरच तो आपल्याला स्वस्त पडतो.

दुसरा फरक पाकिटाचा. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावून सीलबंद केलेल्या, २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळी आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून मोठ्या कट्ट्याला तो नाही आणि दुकानदार पोत्यातून काढून देतो त्या सुट्या मालालाही नाही. त्यानंतर काही ठिकाणी २६ किलोची कट्टी दिसायला लागली, त्याचं कारण हेच. म्हणून २६ किलोच्या कट्ट्याची तुलना ५ किलोच्या ब्रँडेड पाकिटाशी केली तर फरक मोठा दिसतो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुट्या तांदळाशी केली तर तो बराच आटतो. आपण आज जसं घेतो त्याच्याशीच तुलना करायची.

आता पोत्याचा खरा भाव काढू. हे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून धरलेत. समजा सुटा गहू ४० रुपये किलो आहे आणि ५० किलोचं पोतं ३६ रुपयांनी, म्हणजे १,८०० रुपयांना मिळतंय. हमाली २० रुपये, घरापर्यंत रिक्षा-टेम्पो १२० रुपये. तागाचं रिकामं पोतं अर्धा किलोहून जास्त भरतं. ते वजनातून वजा केलं नसेल तर आत गहू साधारण ४९.४ किलोच. एकूण खर्च १,९४०, भागिले ४९.४, म्हणजे किलोला ३९ रुपये २७ पैसे. ज्याला आपण ४ रुपयांचा फायदा समजत होतो तो ७३ पैशांवर आला. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. “वजन बारदानासकट की बारदान वजा करून?” हे आधी विचारा.

गव्हात बचत कमीच असते, हे मान्य केलेलं बरं. ज्या घरात तयार पिठाच्या पिशव्या येतात त्यांनी गहू आणून गिरणीवरून दळून घेतला तर त्यांना फरक जाणवेल. जे आधीपासून दळण टाकतात त्यांना गव्हाच्या पोत्यातून फार काही सुटत नाही. डाळी, मिरची, धणे, हळद, चिंच, लसूण यांचे भाव मात्र वर्षात बरेच वरखाली होतात. खरा पैसा तिथं वाचतो.

घरात लागतं किती, हे अंदाजानं सांगू नका

कुणालाही विचारा, महिन्याला गहू किती लागतो, तर उत्तर येतं “दहा-पंधरा किलो”. वर्षाला धरलं तर या दहा आणि पंधरात ६० किलोंचा फरक आहे. मोजायची पद्धत सोपी आहे. दळण आणलं की डब्यावर खडूनं तारीख आणि वजन लिहायचं, डबा संपला की ती तारीख लिहायची. असे दोन महिने केलं की आकडा पक्का हातात येतो. पाहुणे आले, सण झाला, मुलांच्या परीक्षा असल्या तरी तो सगळा खर्च त्यात आपोआप धरला जातो.

तोपर्यंत चपात्या मोजूनही अंदाज काढता येतो. घरच्या नेहमीच्या चपातीला ३० ते ३५ ग्रॅम पीठ लागतं, भाकरीला ७० ते ८० ग्रॅम. पाच माणसांच्या घरात सकाळी १२ चपात्या आणि संध्याकाळी ५ भाकरी होत असतील, तर दिवसाला साधारण ३८५ ग्रॅम कणीक आणि ४०० ग्रॅम ज्वारीचं पीठ. म्हणजे महिन्याला गहू साडेअकरा ते बारा किलो आणि शाळू बारा किलो, वर्षाला दोन्ही १४० किलोंच्या आसपास. चाळण, खडे-कचरा आणि गिरणीतली घट म्हणून दोन-तीन टक्के वर धरा.

पहिल्यांदाच भरत असाल तर वर्षाचं घेऊ नका. सहा महिन्यांचं घ्या. पावसाळा त्यात येतोच, त्यामुळं तुमची जागा, तुमचे डबे आणि तुमचा हात यांची परीक्षा होऊन जाते, आणि चूक झाली तर ती निम्म्या मालात होते.

काय कधी येतं

शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मंगळवेढ्याची मालदांडी, जत आणि विजापूरकडचा माल तेव्हा इकडं येतो. गहू मार्च-एप्रिलमध्ये. तूर डिसेंबरपासून निघायला लागते, पण डाळ होऊन बाजारात यायला पुढचे काही आठवडे जातात, म्हणून तूरडाळ फेब्रुवारीनंतर बघावी. हरभराही त्याच सुमाराला. मूग आणि उडीद मात्र खरिपाचे, सप्टेंबर-ऑक्टोबरचे. ते मार्चमध्ये सगळ्यांबरोबर घेण्यात हंगामाचा काहीच फायदा नसतो. भुईमुगाच्या शेंगा दिवाळीच्या आसपास. मिरची, हळद, चिंच, नवा लसूण हे सगळं उन्हाळ्याच्या तोंडाला. कांदा घ्यायचा तर एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा, कारण टिकतो तोच.

गुळाचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत. शाहू मार्केट यार्डात गुऱ्हाळांचा गूळ येतो. पूर्वी रवा, म्हणजे गुळाची ढेप, ३० किलोचा असायचा, आता ५ आणि १० किलोचे, अगदी एक किलोचेही मिळतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घरासाठी छोटे रवे घ्या. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, आणि मोठा रवा एकदा फोडला की पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. छोटा रवा कागदात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून ठेवला आणि एकेक फोडत गेलं की पुढचा हंगाम येईपर्यंत नीट राहतो.

तांदळाचं थोडं वेगळं आहे. नवा तांदूळ शिजल्यावर चिकटतो, म्हणून जुना घ्यायचा असतो. आजरा घनसाळसारखा वासाचा तांदूळ मात्र जितका जुना होईल तितका त्याचा वास उतरतो, त्यामुळं तो वर्षाचा भरण्यात अर्थ नाही. आजरा-चंदगडकडं ओळखीचा शेतकरी असेल तर भात घेऊन ठेवावं आणि दोन-तीन महिन्यांला लागेल तेवढंच कांडून आणावं. टरफलातला दाणा जास्त टिकतो. १०० किलो भाताचा तांदूळ साधारण ६५ किलो उतरतो, हे भाव ठरवताना लक्षात ठेवा. हातसडीच्या तांदळावर कोंडा असतो आणि कोंड्यात तेल. तो दोन महिन्यांत खवट वास मारायला लागतो, म्हणून तो कट्ट्यानं कधीच घेऊ नये.

घेताना हातानं आणि दातानं तपासा

पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला माल बघून निर्णय घेऊ नका. कोपरापर्यंत हात आत घाला. आतला गहू गार लागला तर ठीक. कोमट लागला तर आत ओल आहे किंवा कीड वाढतेय. हात बाहेर काढल्यावर त्यावर पांढरी भुकटी लागली असेल तर दाणे आतून कुरतडलेत. दाणा दाताखाली धरा, कट्‌कन तुटला पाहिजे. दबून चपटा झाला तर तो वाळलेला नाही.

शंका वाटली तर मिठाची परीक्षा करा. त्यासाठी मूठ-दोन मुठी नमुना घरी आणा. मीठ तव्यावर परतून कोरडं करा आणि थंड होऊ द्या. पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा भरेल इतकं धान्य आणि दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ खाली उतरलं तर धान्य बऱ्यापैकी कोरडं आहे. काचेला चिकटून राहिलं तर धान्यात ओलावा साधारण १५ टक्क्यांहून जास्त आहे, आणि असं धान्य साठवायचं नाही. गव्हाला १२ टक्क्यांच्या आत आणि कडधान्याला १० टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा. म्हणजे या परीक्षेत पास झालेलं धान्यसुद्धा ऊन दाखवल्याशिवाय भरू नये.

अख्ख्या कडधान्याचा दाणा उजेडात फिरवून बघा. मसूर, चवळी, मूग, हरभरा यांच्या सालीवर सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला तर ते भुंग्याचं अंडं आहे. एखाद्या मुठीत असे चार-पाच दाणे सापडले तर तो माल तिथंच सोडा, भाव कितीही चांगला असो. हा भुंगा बरेचदा शेतातूनच मालाबरोबर येतो. अंड्यापासून नवा भुंगा व्हायला उबदार हवेत महिनाभर पुरतो. मार्चमध्ये मुठीत चार दाणे असतील तर जूनमध्ये डबा उघडवत नाही.

भरताना: कोरडं, गार, गच्च आणि लहान

सगळी मेहनत इथं करायची.

गव्हातले आणि तांदळातले सोंडे दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालतात आणि ते भोक वरून बुजवून टाकतात. त्यामुळं निवडून, चाळून, पाखडून ते जात नाहीत. वरचे किडे गेले तरी आतले महिन्याभरानं बाहेर पडतात. निवडणं गरजेचं आहेच, कारण फुटके दाणे आणि भुसा हे दुसऱ्या किड्यांचं खाणं असतं. पण नुसतं निवडल्यानं कीड संपत नाही.

एप्रिलच्या कडक उन्हात गच्चीवर दोन-तीन इंचांचा थर पसरून दोन-तीन दिवस वाळवा, दुपारी एकदा हलवा, संध्याकाळी आत घ्या. कडधान्यांसाठी याहून पक्का उपाय आहे. खाली काळा ताडपत्रीचा कागद, त्यावर एक इंचाच्या आत कडधान्य, आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडांना विटा ठेवायच्या. कडक उन्हात आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास जातं. तेवढ्या उष्णतेत अंडी, अळ्या आणि भुंगे सगळेच मरतात. दुपारचे चार-पाच तास पुरतात. मूठभर दाणे बाजूला काढून हाताला कसे लागतात ते बघा. चटका बसला पाहिजे.

मग सगळ्यात जास्त होणारी चूक येते. उन्हातून आणलेलं गरम धान्य तसंच डब्यात ओततात आणि झाकण लावतात. रात्री डबा थंड झाला की आतली वाफ झाकणाला आणि पत्र्याला पाणी होऊन लागते आणि ते पाणी वरच्या थरात उतरतं. बुरशीचा वास तिथून सुरू होतो. सावलीत पसरून धान्य पूर्ण गार होऊ द्या, आणि त्याच संध्याकाळी भरा, रात्रभर उघडं ठेवू नका.

१०० किलोची एक कोठी भरण्यापेक्षा १०-१५ किलोचे आठ-दहा डबे कधीही बरे. कोठी रोज उघडली की रोज दमट हवा आत जाते, आणि एक कोपरा बिघडला की सगळं बिघडतं. लहान डबा एकदा काठोकाठ भरला, झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावली की तो त्याच्या पाळीपर्यंत उघडायचाच नाही. आत हवा जितकी कमी, तितकी किडीला जगायला अवघड. काठोकाठ भरण्याचं कारण ते आहे. डब्यावर वस्तू, वजन आणि भरल्याची तारीख लिहा आणि जुना डबा आधी काढा. डबे फरशीवर टेकवू नका. लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. रिकामा झालेला डबा धुऊन उन्हात तापवल्याशिवाय परत भरायचा नाही. कोपऱ्यात चिकटलेल्या पिठात गेल्या वर्षीची कीड बसलेली असते. आणलेलं पोतं तर घरात ठेवूच नका.

कडधान्याला तेल चोळण्याची आपल्याकडची पद्धत खरोखर उपयोगी आहे. किलोला ५ मिलिलिटर, म्हणजे एक छोटा चमचा. तेलाचा पातळ थर असला की भुंग्याची अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत आणि गुदमरून मरतात. एरंडेल वापरलं तर शिजवण्याआधी कडधान्य चांगलं धुवा. गव्हाला तेलाचा उपयोग तितका होत नाही, कारण तिथं अंडं दाण्याच्या आत असतं. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला घाला. ओला पाला म्हणजे आपण आपल्या हातानं ओल आत घालतो.

आता ज्यावर तडजोड चालत नाही ते. बोरिक पावडर गव्हाला चोळण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. ती खाण्याची वस्तू नाही आणि अन्नात घालायला परवानगीही नाही. गहू कुणी धुऊन दळत नाही, म्हणजे ती पावडर थेट चपातीत जाते. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, पारा विषारी आहे. आणि धान्यात टाकायच्या म्हणून दुकानातून कुणी गुपचूप पुडीत बांधून देतो त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कृपा करून घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. या वायूवर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. गोदामात, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली वापरायची ती वस्तू आहे. शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं आणि मुलं अशा गोळ्यांनी आपल्या देशात दगावली आहेत. १४० किलो गहू पूर्ण किडला तरी तो फेकता येतो.

डाळ आणि अख्खं कडधान्य यांत निवड करायची असेल तर साठवायला डाळ घ्या. तो भुंगा अख्ख्या दाण्यावर वाढतो, साल काढून दुभंगलेल्या डाळीवर त्याला फारसं जमत नाही. तूरडाळ नीट वाळवून भरली तर वर्ष काढते. अख्खा मसूर तीन-चार महिन्यांचाच घ्यावा. थोडा मसूर-मटकी असेल आणि फ्रीजरमध्ये जागा असेल तर बंद पिशवीत घालून आठवडाभर ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं.

चटणीची मिरची

कोल्हापुरात वर्षाची बेगमी चटणीशिवाय, म्हणजे कांदा-लसणाच्या तिखटाशिवाय, पूर्ण होत नाही, आणि विकतच्या पाकिटाच्या तुलनेत सगळ्यात जास्त पैसे इथंच वाचतात. पाच माणसांच्या घरात दिवसाला १५-१६ ग्रॅम चटणी लागत असेल तर वर्षाला पावणेसहा किलो. देठ काढलेल्या एक किलो मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो सुकं खोबरं, १०० ग्रॅम तीळ, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा, १०० ग्रॅम खडा मसाला आणि पाव किलोच्या वर थोडं खडे मीठ घातलं तर साधारण सव्वादोन किलो चटणी होते. म्हणजे अडीच किलो स्वच्छ मिरची पुरे. देठ आणि वाळताना जाणारं वजन धरून बाजारातून तीन किलो आणा. पाच किलो आणू नका, दुसऱ्या वर्षी त्या चटणीला रंग राहत नाही.

रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी. निम्मी ब्याडगी आणि उरलेल्यात बाकीच्या दोन घरच्या जिभेप्रमाणे, इथून सुरुवात करावी. खरी संकेश्वरी कमी पिकते आणि महाग असते, तेव्हा स्वस्तात “संकेश्वरीच आहे” म्हणून कुणी देत असेल तर वास घेऊन आणि एक मिरची तोडून चाखूनच घ्या. मिरची वजनाला भरावी म्हणून ओलसर ठेवलेली असते. मिरची कानाशी हलवा, बिया खुळखुळल्या पाहिजेत. दुमडली तर तुटली पाहिजे. नुसती वाकली तर तुम्ही मिरचीच्या भावानं पाणी विकत घेताय. पोटात काळपट किंवा राखाडी पडदा दिसला तर ती बुरशी आहे, उन्हानं ती बरी होत नाही.

चटणी बिघडते ती बहुतेक वेळा कांद्यानं. कांदा नुसता तांबूस झाला आणि आत मऊ राहिला तर जुलैत वरच्या थराला पांढरी बुरशी येते. पातळ चिरून दोन दिवस उन्हात सुकवा आणि मग तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळा, हाताने चुरडला की चुरा झाला पाहिजे. लसूण सोलून एक दिवस वाऱ्यावर ठेवा. मीठ तव्यावर परतून घ्या. मिठात काटकसर करू नका, ते चवीइतकंच टिकण्यासाठी असतं.

डंकावर, म्हणजे कुटण्याच्या यंत्रावर, कुटलेली चटणी चांगली लागते त्याला कारण आहे. वेगानं फिरणाऱ्या चक्कीत मसाला तापतो, वास उडतो आणि रंग काळवंडतो. डंकात तो कमी तापतो. एप्रिल अखेरीस डंकावर रांगा लागतात, म्हणून आधी दिवस ठरवून घ्या. आपल्या आधी कुणाची हळद कुटली असेल तर उखळ पुसून घ्यायला सांगा. घरी आणल्यावर रात्रभर परातीत पसरून गार करा, मग चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत दाबून भरा, मध्ये हिंगाचे खडे ठेवा. रोजच्या वापराला पंधरा दिवसांची छोटी बरणी वेगळी. मोठ्या बरणीत ओला चमचा गेला की वर्षाची चटणी धोक्यात येते.

जे भरायचंच नाही

रवा, बेसन, मैदा, पोहे एक-दीड महिन्याच्या वर नको. दळलेल्या मालाला कीड लवकर लागते. साखर वर्षभर मिळते आणि हंगामानं तिच्या भावात फार फरक पडत नाही, उगाच जागा अडवू नका. सोललेले शेंगदाणे दोन महिन्यांचे घ्या, जास्त हवे असतील तर शेंगा घेऊन ठेवा आणि लागतील तशा फोडा. सुरकुतलेले, काळपट, कडू लागणारे शेंगदाणे टाकून द्या. त्यांच्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते वाळवून किंवा भाजून जात नाही.

तेलाचा डबा घेताना दोन ठिकाणी फसायला होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्यामुळं १५ लिटरच्या डब्यात तेल सुमारे साडेतेरा किलो आणि १५ किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर. दोन्ही डबे दिसायला सारखे. छापलेलं एकक बघून प्रत्येकी एका लिटरचा भाव काढल्याशिवाय तुलना करू नका. दुसरं, महिन्याला चार लिटर लागणाऱ्या घरात उघडलेला १५ किलोचा डबा चार महिने चालतो, आणि उजेड, हवा, शेगडीजवळची ऊब यांनी तेल त्याच्या आधीच खवट व्हायला लागतं. घाण्याच्या तेलाचं तर आणखी लवकर. शिवाय घरात भरलेला डबा असला की फोडणीचा हात सैल होतो. दोन-तीन घरांनी मिळून डबा घ्यावा, आपापला वाटा गडद बाटल्यांत काठोकाठ भरून कपाटात ठेवावा आणि आठवड्याचं तेल मोजून वेगळं काढावं.

पैसे, पाणी आणि शेजारी

वर्षाचं धान्य उधारीवर किंवा क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर भरू नका. वरच्याच उदाहरणातला १४० किलो गहू ३६ नं ५,०४० रुपयांचा. किलोला पूर्ण ४ रुपये सुटले असं धरलं तरी बचत ५६० रुपये. महिन्याला ३ टक्के व्याज म्हणजे १५१ रुपये, चार महिन्यांत ६०४. बचत संपून पदरचे गेले. त्यापेक्षा ऑक्टोबरपासून दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकावी. गल्लीत विश्वासाची भिशी असेल तर मार्चचा नंबर मागून घ्यावा.

पंचगंगेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं भरलेलं धान्य किती घरांनी फेकलं हे इथं कुणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ज्यांच्या गल्लीत पाणी येतं त्यांनी जुलै-ऑगस्टला तळमजल्यावर महिन्याभराचंच ठेवावं आणि बाकी १०-१५ किलोच्या डब्यांत वरच्या मजल्यावर. लहान डब्यांचा हाही फायदा, ३९ फुटांची बातमी आली की घरातली माणसं ते उचलू शकतात, १०० किलोची कोठी उचलत नाही.

आणि ज्यांना ७३ पैशांसाठी पोतं आणणं परवडत नाही त्यांनी चार घरं जमवावीत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे गट करून सामूहिक खरेदी चालवते, ते तत्त्व अपार्टमेंटच्या जिन्यातही चालतं. चार पोती एकाच टेम्पोत आली तर १२० रुपयांचं भाडं पोत्यामागं ३० होतं. हमालीचे २० धरून एक पोतं १,८५० ला पडतं, भागिले ४९.४, म्हणजे ३७ रुपये ४५ पैसे. ७३ पैशांचे अडीच रुपये झाले. माल घेताना काट्यावर वैधमापन विभागाचा मुदतीतला शिक्का बघा, पावती घ्या, आणि वजनात खोट निघून दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. वाटप करताना पोती एकत्र ओतून, चाळून, मग मोजा. न चाळता वाटलं तर तळाचा कचरा आणि फुटके दाणे शेवटच्या घराच्या वाट्याला जातात, आणि पुढच्या वर्षी ते घर गटात राहत नाही.